कोटिंग उडालेली लॅपटॉपची स्क्रीन : एका मुद्रितशोधिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

2023 च्या ऑक्टोबर महिन्याच्या सुरुवातीला साताऱ्यातील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक बाई आपला लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांना येथे अनुराधाताई म्हणू. खरे नाव, गाव आणि लॅपटॉपची कंपनी या तिन्ही गोष्टी मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करतात. पुण्यातील दोन-तीन प्रकाशकांकडून त्यांच्याकडे पीडीएफ पाने येतात, त्या ती स्क्रीनवर वाचून खुणा करून परत पाठवतात आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप घेऊन स्वतः पुण्याला जातात. ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांची शेवटची धावपळ असते आणि या कामात वर्षभरातील सर्वांत जास्त ताण याच दिवसांत येतो.

लॅपटॉप जून 2019 मध्ये घेतलेला होता. स्क्रीन तेरा इंची, टचची, आणि कडेपासून कडेपर्यंत एकसंध काचेची. वॉरंटी एका वर्षाची होती आणि ती केव्हाच संपली होती.

ताईंनी झाकण उघडून पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, हे डाग निघतील का? मी तीन वर्षं पुसते आहे, आणि जितकं पुसते तितके ते वाढतात.” या एका वाक्यात सगळी अडचण होती, पण ती नीट उलगडायला मला अर्धा तास लागला.

अडचण नेमकी काय होती

लॅपटॉप बंद करून मी स्क्रीन ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. काळ्या काचेवर पावसाळ्यात भिंतीचा रंग पोपडे धरून सुटावा तशी वेड्यावाकड्या कडांची ठिगळे दिसत होती. मध्यभागी मात्र ठिगळे वेडीवाकडी नव्हती. तेथे लहान लहान चौकोनांच्या रांगा होत्या, आणि झाकण हळूहळू खाली आणले तेव्हा त्या रांगा की-बोर्डच्या बटणांच्या रांगांशी तंतोतंत जुळल्या. कॅमेऱ्याभोवती एक कडे उमटले होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात होती. जेथे काच अखंड दिसत होती तेथे ते प्रतिबिंब मंद आणि किंचित जांभळट होते. ठिगळावर सरकताच ते पांढरेशुभ्र आणि झगझगीत होत होते.

म्हणजे ठिगळाच्या जागी काहीही चिकटलेले नव्हते. तेथून काहीतरी निघून गेले होते.

साध्या काचेच्या पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. हे परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर पारदर्शक द्रव्याचा अतिशय पातळ लेप, म्हणजेच कोटिंग, दिलेला असतो. एका थराच्या लेपाची जाडी साधारण 100 नॅनोमीटर ठेवतात. अनेक थरांचा लेप काही शे नॅनोमीटरपर्यंत जातो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात, म्हणून प्रतिबिंब मंद होते. सर्व रंगांच्या लहरी सारख्या प्रमाणात मारल्या जात नाहीत, म्हणून उरलेल्या प्रतिबिंबाला जांभळट किंवा हिरवट झाक येते. माणसाचा केस या लेपाच्या शेकडो पट जाड असतो. इतक्या नाजूक थरावर रोज झाकण मिटताना बटणे टेकली, बटणांवरचा बोटांचा तेलकटपणा त्याला लागला आणि पिशवीत वह्या-पुस्तकांचा दाब पडत राहिला, तर तो थर टेकण्याच्या जागीच आधी सुटतो. चौकोनांच्या रांगांचा उलगडा एवढाच होता.

उरलेले नुकसान साफसफाईने केले होते. 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत ताई लॅपटॉप रोज हातांच्या सॅनिटायझरने पुसत असत. त्याआधी आणि त्यानंतर काच पुसायचा निळा स्प्रे थेट स्क्रीनवर मारला जाई. 2021 च्या सुरुवातीला पहिले ठिगळ दिसले. ते त्यांना मळ वाटले, म्हणून त्या अधिक जोर लावून पुसू लागल्या, आणि सुटलेल्या कडेवर प्रत्येक वेळी कापड अडून ती कड थोडी आणखी उचलली गेली.

कामातील अडचण मात्र दिसायला सोपी नव्हती. रात्री दिव्याखाली पांढरे पान उघडले असता ठिगळे जवळजवळ दिसत नसत, त्यामुळे घरातील माणसांना ताईंची तक्रार पटत नसे. त्या ज्या टेबलाशी बसत तेथे त्यांच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी होती. दुपारी तीननंतर प्रत्येक ठिगळात त्या खिडकीचा तुकडा उजळून निघे आणि त्याखालच्या अक्षरांचा काळेपणा उतरे. देवनागरीत एखादी कानामात्रा फिकट दिसली तरी नजर सावरून घेते; अनुस्वाराचे तसे नाही, कारण तो एकच ठिपका असतो. त्याच ऑक्टोबरात एका दिवाळी अंकातील ‘मनातली खंत’ हे शीर्षक ‘मनातली खत’ असे छापले जाण्याच्या बेतात होते. शेवटच्या प्रुफात ते संपादकांच्या नजरेस पडले म्हणून निभावले. ताई माझ्याकडे आल्या त्या या घटनेनंतर, दोनच दिवसांनी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अधिकृत सेवाकेंद्राचा होता. तेथे काचेवर नवे कोटिंग देत नाहीत आणि काच व तिच्यामागे चित्र उमटवणारे पॅनेल एकमेकांना चिकटवलेले असल्याने फक्त काचही बदलत नाहीत. झाकणाचा संपूर्ण वरचा भाग बदलतात. त्याचा अंदाज 41,000 रुपये आला. तो लॅपटॉप त्या वेळी विकायला काढला असता तर याच्या निम्मेही पैसे आले नसते.

दुसरा पर्याय बाजारातून जुना भाग आणण्याचा होता. पुण्यात तपकीर गल्लीतील ओळखीच्या व्यापाऱ्याला मी फोन केला. उतरवलेल्या लॅपटॉपचा वरचा भाग 16,000 रुपयांना मिळत होता, पण त्याच्याही स्क्रीनवर कोटिंगच्या खुणा आहेत हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. पैसे देऊन तोच रोग घरी आणण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय तक्रारीचा होता, आणि त्यावर आम्ही गंभीरपणे बोललो. ही तक्रार केवळ एका ग्राहकाच्या निष्काळजीपणाची नसते, हे सांगायला हवे. अ‍ॅपलच्या ‘रेटिना’ नावाच्या स्क्रीनच्या मॅकबुक लॅपटॉपवरील कोटिंग सुटत असल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्यानंतर अ‍ॅपलने ऑक्टोबर 2015 पासून ठरावीक मॉडेलांना, खरेदीपासून ठरावीक वर्षांपर्यंत, स्क्रीन मोफत बदलून दिल्या होत्या. ताईंचा लॅपटॉप त्या कंपनीचा नव्हता आणि त्याच्या कंपनीची अशी योजना मला आढळली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण पहिले ठिगळ 2021 च्या सुरुवातीचे होते, म्हणजे दोन वर्षे उलटून गेली होती. विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. शिवाय सॅनिटायझरचा प्रश्न निघालाच असता. ताईंनी हा मार्ग सोडला. त्यांचा निर्णय मला त्या वेळी योग्य वाटला आणि आजही वाटतो.

चौथा पर्याय वेगळा मॉनिटर घेण्याचा होता. आठ-नऊ हजारांत बरा मॉनिटर मिळाला असता. ताईंच्या गावात दुपारी वीज जाते, त्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण मॉनिटर चालत नाही, आणि पुण्याला जाताना तो नेता येत नाही, या दोन कारणांनी तो मागे पडला.

पाचवा पर्याय ठिगळांवरूनच मॅट, म्हणजे न चमकणारी, फिल्म लावण्याचा होता. अर्धवट सुटलेल्या थरावर फिल्म बसवली की सुटलेल्या कडांशी हवा अडकते, आणि पुढे फिल्म काढताना उरलेला थर तिच्याबरोबर ओढला जातो. म्हणून फिल्म लावायचीच असेल तर ती काच एकसारखी झाल्यानंतर, असे ठरले.

सहावा पर्याय उरलेले कोटिंगही काढून टाकण्याचा होता. तसे केले की काच सगळीकडे सारखीच चमकते. ठिगळे जातात, पण परावर्तन सगळीकडे वाढते. आणि काढलेले कोटिंग परत येत नाही.

निर्णयाची वेळ

सहाव्या पर्यायाकडे माझा कल होता, परंतु त्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी होती.

पहिली, ही स्क्रीन खरोखरच लेप दिलेली काच आहे का. बोलताना आपण चकाकी कमी करणाऱ्या सगळ्यालाच अँटी-ग्लेअर म्हणतो, पण त्या नावाखाली दोन निराळ्या वस्तू येतात. एक वर सांगितलेला परावर्तन मारणारा लेप, जो चकचकीत काचेवर असतो. दुसरी मॅट स्क्रीन, जिच्यात सर्वांत वरच्या प्लास्टिक फिल्मचा पृष्ठभागच बारीक खरखरीत केलेला असतो आणि तो प्रकाश विखरून टाकतो. ती फिल्म स्क्रीनच्या पोलरायझरचाच, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या थराचाच, भाग असते; तिच्यावरून काढण्यासारखा वेगळा थर नसतोच. ओळखण्याची रीत सोपी आहे. बंद स्क्रीनमध्ये ट्यूबलाइट पाहावी. काचेत तिच्या कडा रेखीव दिसतात, मॅट स्क्रीनमध्ये ती कापसासारखी पसरते. ताईंच्या स्क्रीनमध्ये कडा रेखीव होत्या, काच चौकटीवरूनही सलग गेली होती आणि नखाने हलके टकटक केल्यावर काचेचाच आवाज येत होता.

दुसरी गोष्ट, उरलेला थर सौम्य उपायाने निघतो का. काही कोटिंग इतकी कठीण असतात की ती अल्कोहोलला दाद देत नाहीत, आणि मग माणूस टूथपेस्ट, पॉलिश असे एकेक उपाय करत जातो. टूथपेस्टचा उपाय मी सुरुवातीलाच बाद केला होता. तिच्यातील घासणारे कण कडेच्या रबरी पट्टीत अडकतात आणि चौकटीच्या प्लास्टिकवर ओरखडे आणतात.

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जेथे घड्याळ दिसते तेथे, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर चाचणी घेतली. डिस्टिल्ड पाण्याने काहीच झाले नाही. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले मायक्रोफायबर कापड लहान गोलाकारात सात-आठ मिनिटे फिरवल्यावर थर निघाला आणि खालची काच स्वच्छ, ओरखड्याविना दिसली. ताईंना ती जागा दाखवली, तिच्यातील ट्यूबलाइटचे झगझगीत प्रतिबिंब दाखवले आणि सांगितले की सगळी स्क्रीन अशी होईल. दिवाळी अंकांचे काम संपेपर्यंत काही करायचे नाही असे ठरवून त्या लॅपटॉप घेऊन गेल्या. हे थांबणे या प्रकरणातील फार मोलाचे ठरले: महिनाभर तो कोपरा रोज डोळ्यांसमोर राहिला आणि त्यांनी होकार दिला तो पाहून, समजून दिला.

प्रत्यक्ष काम

भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात तीन संध्याकाळी काम केले. चार्जर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून, की-बोर्डवर प्लास्टिक अंथरले आणि स्क्रीनच्या चारही कडांना रबरी पट्टीवरून मास्किंग टेप लावली. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून सोल्डरिंग आयर्न बंद ठेवले; दुकानात तिन्हीसांजेला गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावण्याचा माझा नेम आहे, तीही त्या तीन दिवसांत काम आवरल्यावर लावली. द्रव स्क्रीनवर न ओतता कापडावर घ्यायचा, काडेपेटीएवढा भाग पूर्ण करूनच पुढे सरकायचे आणि प्रत्येक भागानंतर कापडाची घडी बदलायची, एवढे नियम पाळले. घडी न बदलल्यास निघालेल्या थराची भुकटी पुन्हा काचेवर घासली जाते.

दुसऱ्या संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. खालच्या कडेचा थर चिवट होता, म्हणून मी कापड जरा अधिक ओले केले. टेपची एक कड उचलली गेलेली माझ्या लक्षात आली नाही आणि द्रव पट्टीखाली उतरला. सकाळी स्क्रीन चालू केली तेव्हा खालच्या कडेला दोन बोटे रुंदीचा धुरकट पट्टा दिसला. त्या दिवशी काम थांबवून लॅपटॉप पंख्याखाली उघडा ठेवला. ताईंना लगेच फोन करून झालेला प्रकार सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग “किती दिसतंय तेवढं सांगा” एवढेच म्हणाल्या. तीन दिवसांत पट्टा बराच विरला, पण पूर्ण गेला नाही. पांढऱ्या पानावर, मुद्दाम पाहिले तर, तो आजही दिसतो. मी मजुरी घेतली नाही.

तिसरी संध्याकाळ त्यामुळे चार दिवस पुढे गेली. त्या वेळी कडेपासून दोन मिलिमीटर अंतर सोडून काम संपवले. परिणामी चारही बाजूंना जुन्या कोटिंगची जांभळट रेघ राहिली आहे, आणि ती राहू देण्याचा निर्णय मी जाणूनबुजून घेतला.

परिणाम

ठिगळे गेली. स्क्रीन बंद असताना आरशासारखी दिसते, आणि काळ्या पार्श्वभूमीवर काम करणाऱ्याला ती खपली नसती. ताईंचे काम पांढऱ्या पानावर असते. खिडकी पाठीशी येत होती, म्हणून त्यांनी टेबल फिरवून ती डाव्या हाताला घेतली. हा बदल फुकटचा होता आणि दुपारच्या वेळी त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त झाला, हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबरमध्ये मॅट फिल्मही लावून पाहिली. प्रतिबिंब कमी झाले, पण फिल्मच्या खरखरीतपणामुळे पांढऱ्या पानावर बारीक रवाळपणा दिसू लागला आणि लहान टाइपातील ‘घ’ व ‘ध’ वेगळे ओळखायला पान मोठे करावे लागू लागले. चौथ्या दिवशी त्यांनी फिल्म काढली. मुद्रितशोधनासारख्या कामाला चमक एक वेळ चालते, अक्षराची कड मऊ झालेली चालत नाही.

याच घरात एक नुकसानही झाले. आईच्या लॅपटॉपचा कायापालट पाहून त्यांच्या मुलाने आपल्या कॉलेजच्या लॅपटॉपवरील तळहाताचा एक डाग तसाच, त्याच द्रवाने, दहा मिनिटे जोराने घासला. त्याची स्क्रीन मॅट होती. खरखरीत पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला आणि मध्यभागी नाण्याएवढा चकचकीत ठिपका कायमचा उमटला. त्यावर पॅनेल बदलण्याखेरीज उपाय नाही. त्याच्या मॉडेलचे पॅनेल त्या वेळी पाच-साडेपाच हजारांत मिळत होते, पण एका ठिपक्यासाठी तो खर्च त्याने टाळला.

काय वेगळे करता आले असते

मुलाच्या स्क्रीनचे नुकसान मला अधिक लागले, कारण ते माझ्या एका वाक्याने टळले असते. काच आणि मॅट यांतील फरक मी ताईंना समजावला, पण तो त्यांच्या स्क्रीनपुरता. घरात दुसरा लॅपटॉप आहे का, हे विचारले नाही. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी बंद स्क्रीनमध्ये ट्यूबलाइट पाहायला लावतो आणि घरातील इतर यंत्रांची चौकशी करतो.

ताईंच्या बाजूने पाहता, 2021 मध्ये पहिले ठिगळ दिसले त्या दिवशी तारखेसह फोटो काढून कंपनीला लेखी कळवले असते तर तक्रारीचा मार्ग निदान उघडा राहिला असता. वॉरंटी संपली म्हणून काही सांगण्यात अर्थ नाही असे त्यांना वाटले, आणि बहुतेकांना तसेच वाटते. पुसण्याबाबत सांगायचे तर, कोरडे मायक्रोफायबर आणि गरज पडल्यास डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेले कापड पुरेसे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटणे पुसावीत. तेल स्क्रीनवर येते ते तिथून.

मॉनिटरचा पर्याय आम्ही जरा घाईने बाजूला केला, असे मला आता वाटते. आधी टेबल फिरवून, रोजच्या कामाला मॉनिटर आणि प्रवासाला ठिगळांचा लॅपटॉप अशी विभागणी करता आली असती, आणि जे परत येत नाही ते काढण्याची वेळ निदान वर्षभर लांबली असती. ताईंना हे मी बोलून दाखवले तेव्हा त्यांना ते पटले नाही. दुपारी वीज गेल्यावर काम थांबले असते तर पाने वेळेवर गेली नसती, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यांच्या कामाचा हिशेब त्यांनाच अधिक ठाऊक आहे.

तो लॅपटॉप अजून त्यांच्या टेबलावर आहे. झाकण मिटताना त्या स्क्रीन आणि बटणे यांच्यामध्ये एक पातळ सुती कापड ठेवतात. जाड कापडाने झाकण नीट मिटत नाही आणि बिजागरीवर ताण येतो, म्हणून त्यांनी जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा कापून घेतला आहे.